छोटा लिव्हर

भुसावळजवळच्या दीपनगरच्या वसाहतीत सकाळी गाडीच्या बोनेटवरून बोट फिरवलं, की बोटाला करडी पूड लागते. रस्त्याची धूळ जराशी जड आणि काळपट असते. ही पूड इतकी बारीक, की चिमटीत धरवत नाही. औष्णिक केंद्राच्या धुराड्यांतून, राख वाहणाऱ्या टँकरमधून, राखेच्या बंधाऱ्यावरून वाऱ्याबरोबर ती येते आणि रात्रभर गाड्यांवर बसत राहते. इथला मुरलेला गाडीवाला ती कोरड्या फडक्याने कधीच पुसत नाही. आधी वरून पाणी सोडतो, राख आपोआप वाहून जाऊ देतो आणि मग फडकं हातात घेतो. या राखेतले कण काचेइतके कठीण असतात. कोरडं घासलं तर रंगावर ओरखडे उठतात. वसाहतीत नवीन आलेल्या माणसाला हे कुणीतरी शेजारी पहिल्याच आठवड्यात सांगतो.

त्यातून ती गाडी जुनी जीप असेल, तर सांगणाऱ्यांची संख्या वाढते.

नवी कोरी गाडी दारात आली की माणसं समोरून पाहतात, हार बघतात, पेढा घेतात आणि जातात. जुनी फोर बाय फोर आली, की वाकतात. सुट्टीच्या दिवशी बॉयलरचा, टर्बाइनचा, वर्कशॉपचा माणूस घरीच असतो, आणि यंत्र दिसलं की त्याच्या हाताला राहवत नाही. कुणी गुडघ्यावर बसून पुढच्या चाकामागे बघतो, कुणी सरळ चटई अंथरून खाली सरकतो. खालून आवाज येतो, "काय भो, क्रॉस नवीन टाकलेला दिसतोय!" वर उभा असलेल्या मालकाचा चेहरा उजळतो. पुढच्याच क्षणी खालचा आवाज म्हणतो, "हाउसिंग मात्र पाझरतंय." आणि मग तासभर कुणीही जेवायला जात नाही.

खानदेशात जीप ही काही हौशी लोकांनी आणलेली वस्तू नाही. आधी ती सरकारी होती. पाटबंधारे खात्याची, जंगल खात्याची, आरोग्य केंद्राची, वीज मंडळाची. तापीच्या दोन्ही काठांवरच्या गावांनी साहेब पाहिला तो जीपमधून उतरताना. त्यानंतर ती प्रवासी वाहतुकीत शिरली. काळी-पिवळी होऊन यावल, रावेर, चोपडा, शिरपूरच्या रस्त्यांवर माणसं, पोती आणि कोंबड्या वाहत राहिली. केळीच्या बागाईतदाराकडे ती तिसऱ्या वाटेने आली. त्याला शिवारात जायचं असे आणि पावसाळ्यात शिवाराला रस्ता नसे. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्या केळीच्या बुडाशी असलेली काळी माती त्याच्या कितीतरी आधीपासून गाड्यांची परीक्षा घेत आली आहे.

जीप बनली ती मुंबईतच. 1945 मध्ये स्थापन झालेल्या महिंद्रा अँड मोहम्मद कंपनीने 1947 पासून अमेरिकेतल्या विलीज जीपचे सुटे भाग मागवून जोडणी सुरू केली. 1948 मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. पुढे उंच बोनेटची सीजे थ्री बी आली आणि अमेरिकेत ती बंद झाल्यावरही आपल्याकडे वर्षानुवर्षं बनत राहिली. ऐंशीच्या दशकात एमएम 540 आली, प्यूजो बनावटीचं 2112 सीसीचं डिझेल इंजिन घेऊन. आजही भुसावळ-जळगावच्या गॅरेजमध्ये मिस्त्री 'प्यूजो आहे का?' असं विचारतो, तेव्हा त्याला इंजिनाची सगळी कुंडली कळलेली असते. डिसेंबर 1985 मध्ये मारुतीची जिप्सी आली. हलकी, चपळ, लष्कराच्या मनात बसलेली. पण पेट्रोलवर चालणारी, म्हणून शेतकऱ्याच्या दारात कमी आणि पोलीस ठाण्याच्या आवारात जास्त दिसली. 2010 मध्ये पहिली थार आणि 2020 च्या ऑक्टोबरात दुसरी. थार बनते नाशिकला, म्हणजे खानदेशाच्या शेजारच्याच अंगणात.

ही वंशावळ इथे सांगण्याचं कारण असं, की जुनी फोर बाय फोर विकत घेताना माणूस प्रत्यक्षात यातलं एखादं दशक विकत घेत असतो. त्या दशकाचं इंजिन, त्या दशकाचे पाटे, त्या दशकाचं स्टिअरिंग. एमएम 540 चं स्टिअरिंग एका बोटावर फिरावं अशी अपेक्षा ठेवणाऱ्याने ती घेऊ नये. तिच्यात बसलं की दंडांना काम लागतं, आवाज कानात भरतो, आणि मे महिन्यात, जळगावचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा, पायाशी इंजिनाची धग येते. हे सगळं माहीत असूनही जो घेतो, त्याच्याबद्दल वसाहतीत एक प्रकारचा आदर असतो.

सौद्याची सुरुवात कागदांपासून व्हावी हे सगळे सांगतात, आणि होते मात्र बोनेट उघडण्यापासून. तरी कागद महत्त्वाचेच. जळगावचा एमएच 19, धुळ्याचा एमएच 18, नंदुरबारचा एमएच 39. गाडी यांपैकी कुठली असेल तर कामं सोपी. रावेरपासून बुऱ्हाणपूर हाकेच्या अंतरावर असल्यामुळे एमपी 68 च्या गाड्याही बाजारात येतात आणि स्वस्त वाटतात. पण त्यांना त्यांच्या आरटीओची एनओसी लागते, इथे नवा नंबर घ्यावा लागतो, कर भरावा लागतो. तो सगळा हिशेब मांडल्यावर स्वस्ताई बरीचशी विरून जाते. मालकी बदलाच्या टीटी फॉर्मवर सही घेणं, बँकेच्या कर्जाची नोंद (एचपी) उतरलेली आहे का ते बघणं, पासिंग कधीपर्यंत आहे ते आरसीवर वाचणं. खासगी गाडीची नोंदणी पहिल्या 15 वर्षांपुरती, मग दर 5 वर्षांनी नवी. 1 एप्रिल 2022 पासून अशा नूतनीकरणाची चारचाकीची फी 600 रुपयांवरून 5000 रुपयांवर गेली, शिवाय पर्यावरण कर वेगळा. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासायची आणि उमटलेले आकडे आरसीशी ताडून बघायचे, ही जुनी रीत अजून टिकून आहे आणि टिकावीच. रंग नवा देता येतो, सीटं नवी शिवता येतात. चेसिसवर ठोकलेले आकडे मात्र गाडीचा जन्म सांगतात.

यानंतरचा प्रश्न ऐकायला विचित्र वाटतो. ही खरोखर फोर बाय फोर आहे का?

काळ्या-पिवळ्यांतल्या बहुतेक कमांडर आणि तशाच गाड्या फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या होत्या. काही गाड्यांचा पुढचा एक्सल मधल्या कुठल्यातरी मालकाने डिझेल वाचवायला किंवा दुरुस्ती टाळायला काढून ठेवला आणि पुढे विकला. थारच्या जुन्या डीआय प्रकारातही दोन चाकांची गाडी मिळत असे आणि 2023 च्या जानेवारीपासून नवी थारही मागच्या चाकांवर चालणारी मिळू लागली. बाहेरून पाहून भल्याभल्यांची फसगत होते. म्हणून जाणता माणूस खाली वाकून पुढच्या दोन चाकांच्या मधला गोळा बघतो, त्याच्याकडे येणारा शाफ्ट बघतो आणि मग आत बसून गिअरच्या दांड्याशेजारचा छोटा लिव्हर हातात धरतो. सीजे थ्री बीमध्ये असे दोन छोटे लिव्हर असत. एकाने पुढची चाकं जोडायची, दुसऱ्याने हाय किंवा लो निवडायचं. लोमध्ये वेग अडीच पटींनी उतरतो आणि तेवढीच ओढ वाढते. दोन लिव्हरांचा पुढे एकच झाला, आणि आता काही गाड्यांत तर नुसती कळ फिरवायची असते. पण विक्रेत्याला "लिव्हर टाकून दाखवा" म्हटलं, की त्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं, त्यावरून निम्मी गाडी कळते.

ही परीक्षा डांबरी रस्त्यावर घ्यायची नसते. वळण घेताना पुढची चाकं मागच्या चाकांपेक्षा लांब वाटेने जातात. पुढचा आणि मागचा शाफ्ट जीपमध्ये एकमेकांशी घट्ट जोडले गेले, की दोघांना सारख्याच फेऱ्या घ्याव्या लागतात. मातीत, वाळूत चाक थोडं घसरून ही तफावत भरून काढतं. कोरड्या डांबरावर टायर घसरत नाही, मग ताण शाफ्टमध्ये, क्रॉसमध्ये, गिअरच्या दातांमध्ये साठत जातो. स्टिअरिंग जड होतं, गाडी अडखळते आणि लिव्हर परत काढायला गेलं तर निघत नाही. अशा वेळी थोडं मागे घेतलं की ताण सुटतो आणि लिव्हर खटकन मोकळा होतो. ज्याला हे माहीत नसतं तो लिव्हरवर जोर करतो, आणि दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकडे जातो. तेव्हा परीक्षा घ्यायची ती नांगरलेल्या शेतात, नदीच्या काठच्या मोकळ्या मातीत. हळू चालवून, दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, खिडकी उघडी ठेवून. पुढच्या चाकातून कटकट ऐकू आली, तर तिथला जॉइंट संपत आला आहे.

काळ्या मातीबद्दल मात्र वेगळं बोलायला हवं, कारण तिच्याबाबत फोर बाय फोर घेणाऱ्यांच्या मनात मोठा भ्रम असतो. ही माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते आणि पावसात फुगते. तिच्यातली चिकणमाती पाणी धरून ठेवते, टायरच्या नक्षीत भरते, आणि चार-पाच फेऱ्यांत टायर गुळगुळीत होतो. चारही चाकांना जोर मिळतो हे अर्धंच खरं. साध्या डिफरन्शिअलचा स्वभाव असा, की ज्या चाकाला पकड कमी, ते आधी फिरतं. त्यामुळे पुढचं एक आणि मागचं एक अशी दोन चाकं चिखलात भिरभिरत राहतात आणि उरलेली दोन कोरडी असूनही गप्प बसतात. लॉक होणारं डिफरन्शिअल असेल तर गोष्ट बदलते, पण जुन्या जीपमध्ये ते क्वचितच सापडतं. म्हणून यावल-फैजपूरकडचे जुने चालक चिखल दिसला की आधी उतरतात. चपला काढून तो तुकडा चालून बघतात. पाय किती जातो, खाली मुरूम लागतो का, बैलगाडीच्या चाकोरीत पाणी किती साचलं आहे. मग मुकाट्याने परत येऊन बसतात आणि लो टाकतात, किंवा गाडी तिथेच उभी करून शेतात पायी जातात. जीपने माणसाला जमीन वाचायला शिकवली, असं त्यांच्याकडे पाहिल्यावर वाटतं.

पाण्याचाही एक धडा आहे. सातपुड्यातून तापीकडे उतरणाऱ्या सुकी, मोर, अनेर या नद्या आणि त्यांना मिळणारे अनेक ओढे पावसात अचानक वाहू लागतात. पाल हे रावेर तालुक्यातलं थंड हवेचं गाव. तिकडे निघालेली जीप घाटातून तापलेली येते आणि ओढ्यात उतरते. एक्सलचा गोळा तेव्हा गरम असतो, आतली हवा पसरलेली असते. थंड पाणी लागलं की ती हवा आकसते आणि बाहेरून काहीतरी आत ओढून घेते. गोळ्यावरचा ब्रीदर मोकळा असेल तर हवा येते. तो मातीने बुजलेला असेल तर सीलमधून पाणी येतं. महिन्याभराने ऑइलचा बोल्ट उघडला, की आतून चहासारखं दुधट ऑइल गळतं. तो ब्रीदर सुपारीएवढाही नसतो. पण त्याच्याकडे लक्ष दिलं नाही, म्हणून अख्खा गोळा बदलावा लागल्याची गोष्ट खानदेशातल्या कुठल्याही गॅरेजमध्ये ऐकायला मिळते. सांगायलाच हवं, की पालच्या बाजूला 1969 पासूनचं यावल अभयारण्य आहे. तिथे रस्ता सोडून जीप घुसवणं हा पराक्रम नाही, गुन्हा आहे.

निगा राखण्यात दीपनगरचे लोक वाकबगार असतात, ते त्यांच्या रोजच्या कामामुळे. जुन्या डिझेल जीपला ऑइल-बाथ फिल्टर असतो. आत येणारी हवा आधी ऑइलवरून जाते, धूळ तिथेच चिकटते. राखेच्या गावात हे भांडं पुस्तकात दिलेल्या मुदतीच्या कितीतरी आधी भरतं. तळाशी करडा गाळ बसलेला दिसतो आणि तो धुऊन नवं ऑइल घातलं, की इंजिनाचा आवाज मोकळा होतो. उन्हाळ्यात रबर वाळतं. पाइप, बुश, वायपर सगळ्याला बारीक चिरा पडतात. टायरवर चार आकडी शिक्का असतो. 2319 असेल तर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी शाबूत असली तरी वय झालेला टायर मे महिन्यातल्या महामार्गावर फुटू शकतो, आणि हा शिक्का वाचायची सवय विकत घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांना असते. पाट्यांच्या शॅकलला, क्रॉसला, स्टिअरिंगच्या निपलला ग्रीसगन लावायची, जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत. मुलांना हे काम फार आवडतं. हात बरबटतात आणि कुणी ओरडत नाही.

पण या सगळ्याहून जास्त दुर्लक्ष होतं ते छोट्या लिव्हरकडे. गाडी घेतली, परीक्षा घेतली, मित्रांना दाखवलं. मग वर्षभर भुसावळ, जळगाव, लग्नं, दवाखाना. डांबरी रस्त्यावर त्याचं काम नाही, म्हणून तो तसाच. आत मात्र काहीतरी चालू असतं. लिव्हरच्या खालचा काटा गंज धरतो, पुढच्या चाकांच्या हबमधलं ग्रीस घट्ट होतं, न फिरणाऱ्या शाफ्टवरचं सील एकाच जागी कोरडं पडतं. आणि ज्या जुलैच्या संध्याकाळी खरोखर गरज पडते, घड कापून झालेले असतात, पाऊस सुरू झालेला असतो, त्या वेळी लिव्हर हलत नाही. मिस्त्री सांगतात, अतिवापराने आलेल्या फोर बाय फोरपेक्षा न वापरल्यामुळे बिघडून आलेल्या जास्त. त्यावर त्यांचा उपायही साधा: महिन्यातून एकदा मऊ जमिनीवर नेऊन लिव्हर टाकायचा, थोडं पुढे, थोडं मागे, लोमध्ये एकदा, आणि परत.

दीपनगरच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. 500 मेगावॅटचे दोन मोठे संच आल्यावर आधीच्या 210 मेगावॅटच्या संचाला अनेकदा थांबून राहावं लागलं. विजेची मागणी वाढली की बोलावणं यायचं. थांबलेला संच म्हणजे सोडून दिलेला संच असं तिथे कुणी मानत नाही. टर्बाइन बंद केल्यावर तिचा तापलेला रोटर तसाच ठेवला तर वाकतो, म्हणून तो थंड होईपर्यंत बारिंग गिअरवर संथ फिरवत ठेवतात. वीज तयार होत नाही, मीटरवर काही दिसत नाही, तरी पाळीचा माणूस त्याच्यावर नजर ठेवून असतो. अशी रात्र काढलेला माणूस घरी येऊन आपल्या जीपचा लिव्हर वर्षभर न हलवता कसा ठेवेल? अडचणीसाठी राखून ठेवलेल्या वस्तूला अडचण नसतानाच वेळ द्यावा लागतो, हे त्याच्या हातांना माहीत असतं. शेजाऱ्याने विचारलं, "आज कुठे चालले एवढ्या सकाळी?" तर तो म्हणतो, "कुठे नाही, जरा लिव्हर टाकून आणतो." तो राखेचा रस्ता सोडून वेल्हाळे-फेकरीकडच्या शिवारातून गाडी फिरवून आणतो, आणि त्या निमित्ताने कुणाचा कापूस कसा आहे, कुणाच्या विहिरीला पाणी किती आहे, हेही पाहून येतो.

अशा गाड्या आता कमी होत चालल्या आहेत. पूर्वी सरकारी खात्यांच्या लिलावातून जुन्या जीप बाहेर पडत आणि एखाद्या मिस्त्रीच्या हाती लागून पुन्हा उभ्या राहत. 1 एप्रिल 2023 पासून 15 वर्षं झालेल्या सरकारी वाहनांची नोंदणी पुढे वाढत नाही, ती थेट भंगारात जातात. हवेचा विचार केला तर निर्णय योग्यच आहे. तरी एका संपूर्ण पिढीच्या गाड्यांचा उगम त्यामुळे आटला हेही खरं. हरियाणातल्या मंडी डबवालीत जुन्या सुट्या भागांतून जीप बांधून देण्याचा मोठा व्यवसाय आहे आणि तिथल्या झगमगीत गाड्यांचे फोटो इकडच्या मुलांच्या मोबाइलवर फिरतात. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे मूळ रचनेत असा बदल चालत नाही, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलं. तेव्हा खरी, कागदांसकट, पुढच्या एक्सलसकट असलेली जुनी जीप ज्याच्याकडे आहे, त्याच्याकडे फोन येत राहतात.

पुण्याचा ग्राहक जास्त पैसे देतो. त्याला रुंद टायर, पुढे दिवे, शनिवार-रविवार हवे असतात. यावलचा शेतकरी कमी देतो. पाणंद रस्त्याचं काम मंजूर झालं आहे, पण अजून दोन पावसाळे जातील असा त्याचा अंदाज आहे. वसाहतीतल्या अशाच एका मालकाकडे पुण्याच्या माणसाने फोटो मागवले. यावलच्या माणसाने विचारलं, "भाऊ, आमच्याच शेतात लिव्हर टाकून दाखवाल का? परवा पाऊस झालाय, आत्ताच माती चांगली आहे." मालकाने बायकोला विचारलं, मिस्त्रीला विचारलं, दोघांचं मत वेगळं पडलं. शनिवारी त्याने एअर फिल्टर धुतला, दोन्ही गोळ्यांचं ऑइल बघितलं, हब लॉक करून ठेवले आणि यावलला फोन केला, की सकाळी सातला निघतो, शेताचा रस्ता सांगा.